शंभरावं युनिट: गॅस स्वस्त की लाईट?

आजचा भाग थोडा हिशोबाचा आहे, पण घाबरू नका, पाचवीतलं गणित पुरेल. कानात हेडफोन घालून बाईक चालवत असाल तर मात्र नंतर ऐका, कारण मध्ये दोन-चार आकडे येणार आहेत आणि रत्नागिरीतल्या रस्त्यांवर दोन्हीकडे लक्ष देणं जमत नाही.

झालं काय, की मी यूट्यूबवर बाहेरच्या देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघत होतो. घर गरम ठेवायला गॅस परवडतो की वीज, यावर तासतासभर बोलतात. आपल्याकडे घर गरम करायचं म्हटलं तर लोक हसतील, मे महिन्यात ते फुकटात होतं. आपण दोनच गोष्टी तापवतो: चुलीवरचं पातेलं आणि आंघोळीचं पाणी. पण या दोन गोष्टींवर आमच्या घरात गेल्या वर्षी जे काही झालं, ते सांगायचं म्हणून हा भाग.

आमचं घर पावसच्या बाजूला. आई, बाबा आणि आजी तिघं तिथे राहतात, मी नोकरीसाठी रत्नागिरीत खोली घेऊन. घराला मागच्या दारी न्हाणीघर आहे, वर कौलं, एका बाजूला जांभ्याची जाळी. त्याच्या बाहेर चुलाणं. त्यावर पाणी तापतं झावळ्यांवर, सोडणांवर, करवंट्यांवर. ज्यांच्या घरी नारळ आहेत त्यांना हे सगळं फुकट. पण पावसाळ्यात ती लाकडं, ती सोडणं दमट होतात आणि मग जाळापेक्षा धूर जास्त. सकाळी सहाला आई फुंकणी घेऊन तिथे बसायची आणि डोळे पुसत उठायची. मला पहिला बरा पगार मिळाला तेव्हा मी ठरवलं, हे बंद. २५ लिटरचा इलेक्ट्रिक गीझर घेतला. त्याच वेळी ऑफर होती म्हणून इंडक्शनची शेगडीपण घेतली. म्हटलं, एकदम आधुनिक करून टाकू.

गणपतीला घरी गेलो. सकाळी उठून न्हाणीत गेलो तर गीझरचं बटण बंद, आणि जाळीतून धूर आत येतोय. चुलाण्यावर पाणी उकळत होतं. इंडक्शन फडक्यात गुंडाळून कपाटावर. आईला विचारलं तर म्हणाली, "अरे, चालतं आम्हाला." आजी मात्र खरं बोलली. "लाईटबिल बघितलंस काय?"

बघितलं. आधी ८०० च्या आसपास यायचं. माझ्या आधुनिकपणानंतरच्या महिन्यात जवळजवळ २,५००. आईनं ते मला न सांगता भरलं होतं आणि गीझर बंद करून पुन्हा धुरात जाऊन बसली होती. मला आधी वाटलं मीटर बिघडलाय. मीटर ठणठणीत होता. गडबड माझ्या गणितात होती.

आता तो हिशोब. महावितरणच्या घरगुती बिलावर टप्पे असतात, आपण त्याला स्लॅब म्हणतो: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्याच्या पुढे. वीज आकार, वहन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क, शिवाय इंधन समायोजन आकार दर महिन्याला थोडा वर-खाली. २०२५ चे दर ढोबळ धरले तर हे सगळं मिळून पहिल्या टप्प्यातलं युनिट पडतं साधारण ७ रुपयांना. आणि १०१ वं युनिट? साधारण १४ रुपयांना. म्हणजे दुप्पट. तिसऱ्या टप्प्यात १८-१९ च्या घरात. तुमचे दर तुमच्या बिलाच्या मागे छापलेले असतात, ते घ्या, माझे आकडे फक्त समजायला.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. शंभरच्या वर गेलं की सगळी युनिटं महाग होतात असं नाही. पहिली १०० जुन्याच दरानं. फक्त वरची महाग. पण गंमत अशी आहे की फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही, विहिरीचा पंप हे आधीच घरात आहेत, ते तुम्ही बंद करणार नाही. पहिल्या शंभरातली जागा त्यांनी अडवून ठेवलीय, एसटीत रुमाल टाकावा तशी. तुम्ही नवीन काही आणलंत की ते मागे उभं राहतं, म्हणजे १४ रुपयांत.

आमच्या घरी आधी ९५ युनिटं व्हायची. पंचाण्णव सत्ते ६६५, वर स्थिर आकार शुल्कासकट दीडशेच्या आसपास, झाले ८१५. मग माझा गीझर आला. तिघांच्या आंघोळीला महिन्याला ४० युनिटं. शिवाय तो दिवसभर चालू ठेवत होते, कारण बटण कधी बंद करायचं हे मी सांगितलंच नव्हतं. त्यात आणखी २०. इंडक्शनची ६०. एकूण २१५. पहिली १०० सातनं, म्हणजे ७००. उरलेली ११५ चौदानं, म्हणजे १,६१०. अधिक स्थिर आकार. २,४६०. युनिटं सव्वादोन पट झाली, बिल तिप्पट.

"पण गॅस वाचला ना?" हो, वाचला. किती ते बघू.

घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत मोजली तर साधारण १८० युनिटं. पण शेगडीवर ती सगळी भांड्यात जात नाही, बरीचशी कडेनं निघून जाते, म्हणून तर स्वयंपाकघरात घाम येतो. भारतीय मानकाप्रमाणे गॅसच्या शेगडीनं किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यायला हवी. घरात, जळमटलेला बर्नर आणि छोटं पातेलं धरून, आपण ६० धरू. म्हणजे सिलेंडरमधून आपल्या कामाची १०८ युनिटं. इंडक्शन ८५ टक्क्यांपर्यंत देतं. तेवढंच काम इंडक्शनवर करायला मीटरवर लागतील १२७ युनिटं. हा १२७ चा आकडा लक्षात ठेवा. एक सिलेंडर बरोबर १२७ युनिटं.

सिलेंडरचा दर एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी वाढला तेव्हा मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे झाला. रत्नागिरीपर्यंत यायचं म्हणजे थोडं जास्त, आपण ८७० धरू. ८७० भागिले १२७, म्हणजे ६ रुपये ८५ पैसे.

बघा आता. तुमचं युनिट ६ रुपये ८५ पैशांपेक्षा स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. आणि पहिल्या टप्प्यातलं युनिट ७ ला. म्हणजे शंभरच्या आत जवळजवळ बरोबरी, आणि शंभरच्या वर गेलात की इंडक्शनवरचा तोच भात दुप्पट किमतीचा. उज्ज्वलाच्या कनेक्शनवर २०२५ मध्ये सिलेंडरमागे ३०० रुपये परत यायचे, मग तर गॅसच.

आमच्या घरी इंडक्शनची ६० युनिटं झाली, म्हणजे जेमतेम अर्धा सिलेंडर वाचला. ४१० रुपये वाचवायला मी ८४० रुपये खर्च करायला लावले होते. वर आईचं म्हणणं वेगळंच होतं: घावण्यांचा बिडाचा तवा त्यावर बसत नाही. चुंबक चिकटतो, पण बूड गोल आहे. आमटीचं ॲल्युमिनियमचं पातेलं तर चालतच नाही. म्हणजे भांडी पण नवीन. तो खर्च मी हिशोबात धरलेलाच नाही.

ज्यांच्या इमारतीत पाइपचा गॅस आलाय त्यांच्यासाठी एक रूपांतर सांगून ठेवतो. एक सिलेंडर म्हणजे पाइपच्या गॅसचे साधारण साडेअठरा घनमीटर. बिलावरचा दर साडेअठरानं गुणा आणि सिलेंडरच्या किमतीशी ताडून बघा. बस्स.

आता पाणी. इथे मला स्वतःला बरंच नवीन कळलं.

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. यात ब्रँड नाही, मॉडेल नाही, निसर्गाचा नियम आहे. २० लिटरची बादली, नळाचं पाणी २५ अंश, आंघोळीला ४३ हवं, म्हणजे १८ अंश चढवायचे. २० गुणिले १८ गुणिले १.१६, साधारण ४१८ वॉट-तास. अर्ध्या युनिटाला थोडं कमी. हे गीझरनं करा, रॉडनं करा, एवढंच लागणार. हॉस्टेलमधली मुलं छातीठोकपणे सांगतात की रॉड लाईट कमी खातो. नाही खात. रॉड घ्यायला स्वस्त, चालवायला तेवढाच. दीड हजार वॉटचा रॉड बादलीला १७ मिनिटं घेतो, आणि त्या १७ मिनिटांत कोणी पाणी किती तापलं म्हणून बादलीत बोट घातलं तर काय होतं ते सांगायला नको. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग हात. रोज.

आपल्या हवेचा एक फायदा आहे, नळाचं पाणी फार गार नसतं. उत्तरेकडे थंडीत १० अंशाचं पाणी येतं, त्यांना तीच बादली जवळजवळ दुप्पट विजेला पडते. म्हणून दिल्लीवाल्यांचे हिशोब बघून गीझर ठरवू नका. ते २५ लिटर घेतात म्हणून मीही घेतला. इथे एका माणसाला १० लिटरचा पुरतो.

आणि गीझरवरचे ते स्टार. मला वाटायचं पाच स्टारचा गीझर कमी विजेत पाणी तापवतो. स्टार मोजतात ते टाकीत तापवून ठेवलेलं पाणी नुसतं बसल्या बसल्या किती उष्णता गमावतं, ते. म्हणजे दहा मिनिटं लावून, आंघोळ करून बंद करणाऱ्याला स्टारनं फार फरक पडत नाही. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला पडतो. आमच्या घरची ती २० युनिटं, जी कोणी वापरलीच नाहीत, ती हीच. १४ रुपयांनी २८० रुपये टाकीच्या अंगातून उडून गेले.

मग गॅस गीझर? पैशानं बघितलं तर तो जिंकतो. गॅसमधल्या उष्णतेचं एक युनिट पडतं ४ रुपये ८० पैशांना. गॅस गीझर त्यातली ८० टक्के तरी पाण्याला देतो. म्हणजे बादली अडीच रुपयांच्या आसपास. विजेवर तीच बादली शंभरच्या आत ३ रुपये, शंभरच्या वर ६ रुपये. तिघांच्या घरात महिन्याला विजेवर साडेपाचशे तर गॅसवर सव्वादोनशे.

पण इथे मी थांबणार आहे, कारण पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावायचा नाही. "खिडकी आहे पण काच लावलेली असते", नाही. "एक्झॉस्ट फॅन बसवू", नाही. गॅस जळायला हवा लागते. छोट्या बंद खोलीत हवा कमी पडली की अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलेंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण कळावं म्हणून तो वास त्यात मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं, वाटतं गरम पाण्यानं झालं असेल, आणि माणूस तिथेच पडतो. कडी आतून लावलेली. हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात, बहुतेक वेळा तरुण माणसं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या आत गॅस गीझर दिसला तर मालकाला स्पष्ट सांगा, बाहेर काढून द्या. तोपर्यंत बाहेर बादली भरून घ्या आणि गीझर बंद करून मग आत जा. मी हे दोनदा सांगितलं असतं, पण ऐकणारा मागे नेऊन ऐकू शकतो.

आमच्या न्हाणीचं नशीब बघा. मागच्या दारी, कौलारू, जाळीतून वारा. शहरातल्या लोकांना जी अडाणी वाटते तीच न्हाणी गॅस गीझरला सगळ्यात बरी. तरीही आम्ही तो न्हाणीच्या आत न लावता बाहेर, पत्र्याच्या वळचणीखाली लावला, चुलाण्याच्या जागेशेजारी. नळ तेवढा आत. एक अडचण आली: टाकी कमी उंचीवर होती, पाण्याला जोर नाही आणि जोर नसेल तर गॅस गीझर पेटतच नाही. टाकीला चार फुटांचा चौथरा बांधावा लागला. तो खर्च धरून बसलात तर वर्षभर फायदा दिसणार नाही. आणि त्यात ठिणगीसाठी दोन मोठे सेल लागतात, ते नेमके पाहुणे आल्यावर संपतात.

मध्येच एक कडवट विचार येतो, तो बोलून टाकतो. आपल्या जिल्ह्यात विजेची कमी आहे का? कोयनेचं पाणी चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरतं आणि वीज करून वाशिष्ठीला मिळतं. जयगडला कोळशावरचा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. आणि गुहागरला ते प्रसिद्ध एन्रॉन. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही नव्हता. १९९९ मध्ये दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला, त्या विजेचा दर राज्य वीज मंडळाला झेपेना, २००१ मध्ये वीज घेणं बंद झालं, त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत एन्रॉन कंपनीच बुडाली. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढली. मग गॅस मिळेना. २०१५ च्या अखेरीस तिथली वीज रेल्वेला जायला लागली. दाभोळला जहाजानं येणारा गॅस पाइपलाइननं बंगळुरूपर्यंत जातो. आणि आमची आई पावसमध्ये ओल्या सोडणांना फुंकर मारते. प्रकल्प दारात आहे म्हणून युनिट स्वस्त मिळत नाही, महावितरणचा दर सगळीकडे एकच, हे मला माहीत आहे. तरी वाटायचं ते वाटतंच.

आता तुमच्यातल्या त्या मित्राचा प्रश्न, ज्यानं विचारलं होतं की खोली घेतलीय, इंडक्शन घेऊ की छोटा सिलेंडर. मित्रा, तू एकटा राहतोस ना? मग तुझं उत्तर माझ्या आईच्या उलट आहे. माझ्या खोलीवरचंच सांगतो. पंखा, दिवे, छोटा फ्रिज, लॅपटॉप: ५५ युनिटं. एकट्याचा स्वयंपाक इंडक्शनवर २५ युनिटं. रोजची एक बादली, महिन्याला १४. एकूण ९४. शंभरच्या आत! सगळं सात रुपयांत. पत्त्याच्या पुराव्याशिवाय जो ५ किलोचा सिलेंडर मिळतो, तो किलोमागे घरगुती सिलेंडरपेक्षा महाग पडतो. तेव्हा तुला इंडक्शन.

फक्त दोन गोष्टी विचारून घे. एक, मालक मीटरप्रमाणे बिल देतो की सबमीटर लावून स्वतःचा दर घेतो? युनिटला १२ रुपये सरसकट घेत असेल तर पहिल्या टप्प्याचा फायदा तुझा नाही, मालकाचा. दोन, मीटर एकट्याचा आहे की तिघांत एक? तिघं एका मीटरवर आले की तुम्ही एकटे राहत नाही, हिशोबाच्या दृष्टीनं तुम्ही माझं पावसचं घर आहात. तिघांत एक सिलेंडर घ्या.

स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटाला जुलै २०२५ पासून सूट आहे, सुरुवातीला ती ८० पैशांची होती. छान आहे. पण नोकरीवाल्या माणसाची आंघोळ आणि भात दोन्ही नऊच्या आधी होतात. कपडे धुवायचं मशीन दुपारी लावता आलं तर लावा.

छतावर सौर पॅनेल घालायचा असेल तर हा सगळा भाग विसरा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि उन्हाळ्यात जास्तीची झालेली युनिटं पावसाळ्यात वळती होतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ते वळतं होणं महत्त्वाचं. यावर एक वेगळा भाग करतो, कारण बाबांनी चौकशी सुरू केलीय आणि कौलांवर पॅनेल बसवायचे कसे इथे गाडी अडलीय.

आणि काहीही केलंत तरी घरात एक गॅसची शेगडी ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या दिवसांत इंडक्शनवर कोणी चहा केला नाही.

तर आमचं पुढे असं झालं. पावसला गॅस गीझर. इंडक्शन मी खोलीवर आणलं. आणि तो २५ लिटरचा इलेक्ट्रिक गीझर, तोही मालकांना विचारून, १६ ॲम्पिअरचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घेऊन खोलीवर लावला. तोच गीझर, तेच बटण. पावसला त्याची बादली ६ रुपयांना पडत होती, इथे ३ रुपयांना. दहा मिनिटं लावतो आणि बंद करतो.

चुलाणं आजीनं मोडू दिलं नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बंबातलंच पाणी हवं म्हणाली, वर्षातून एकदा. तेवढं मान्य केलं, सोडणं तेव्हा सुकलेली असतात. आईला आता मीटर वाचायची सवय लागलीय. परवा फोन केला तर म्हणाली, "शहाण्णववर आलाय रे. रीडिंगवाला येऊन गेला की मग इस्त्री काढते."